कॉम्प्युटरांना लागलेला राहू

चहा येईपर्यंत बसा जरा, आणि माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. इतवारीच्या बाजारात ती तुम्हाला कोणीही सांगेल, पण तिथला प्रत्येक जण तिला आपल्या हातची फोडणी घालतो. मी फोडणी न घालता सांगतो. गंभीरपणे सांगतो, कारण गोष्ट गंभीरच आहे. हसू आलं तर हसा, मला आता सवय झाली आहे.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. लोकांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. पूर्वीसारखं पेचकस-पक्कड घेऊन दारोदार फिरावं लागत नाही. माझ्या लॅपटॉपवर एक स्क्रीन आहे, तिथून मी अख्ख्या फर्मच्या मशिनींना हुकूम सोडतो. अपडेट घ्या म्हटलं की घेतात, बंद व्हा म्हटलं की बंद होतात. घरी माझं कोणी इतकं ऐकत नाही, म्हणून मला हे काम फार आवडतं.

तर इतवारीत एक मिरचीवाले आहेत. ठोक धंदा. भिवापूरला खरेदी, खाप्याला गोदाम, इतवारीत पेढी. मालकांना सगळी गल्ली काकाजी म्हणते. माणूस कमी बोलणारा, पण शब्दाचा पक्का. त्यांच्या शेजारी काकू बसतात. त्या तर त्याहून कमी बोलतात, पण त्यांचं न बोलणं दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं.

या पेढीचा एक जुना रिवाज होता. राहुकाळात नवं काम करायचं नाही. राहुकाळ म्हणजे तो कॅलेंडरात छापलेला दीड तास, रोज वेगळ्या वेळी येणारा. मंगळवारी दुपारी तीनला, बुधवारी बाराला, शुक्रवारी साडेदहाला, असा. तेवढा वेळ नवा सौदा नाही, नवं बिल नाही. लोक चहा पिणार, पोती मोजणार, नाहीतर कालच्या क्रिकेटवर भांडणार.

मग काकाजींच्या मुलाचं लग्न झालं आणि केतकी घरात आली. अमरावतीची मुलगी, एमकॉम, तिथली चांगली नोकरी सोडून आलेली. नवरा भिवापूरला खरेदीत अडकलेला, म्हणून ती इतवारीत बिलिंगच्या खुर्चीवर बसू लागली. महिनाभरात तिनं तिथलं काम असं हातात घेतलं की जुने गिऱ्हाईकही "सूनबाईलाच विचारा" म्हणू लागले.

एकदा मी मशीन बघत होतो तेव्हा ती सहज बोलून गेली, "दादा, या घरात सगळं आधीपासून ठरलेलं आहे. ताट कुठे, झोपायचं कुठे, देव कुठे. माझं म्हणून मी काही मिळवलं असेल तर ही खुर्ची." हे मी ऐकलं होतं बरं का. माझ्या या कानांनी ऐकलं होतं, तरी पुढे जे केलं ते केलं.

तर या केतकीनं एक दिवस काकाजींना विचारलं, "बाबा, शुक्रवारी ऐन गर्दीत आपण दीड तास हात बांधून बसतो आणि गिऱ्हाईक शेजारी जातं. थोडे दिवस राहुकाळात बिलं काढून पाहू का?"

काकाजींनी विचार केला. म्हणाले, "पाह्य बा करून."

काकू काही बोलल्या नाहीत. दुकानभर ऐकू आलं.

आणि त्याच आठवड्यापासून कॉम्प्युटर हँग व्हायला लागले!

एखाद-दुसरा नाही, सगळे. इतवारीतले, भिवापूरचे, सगळे एका वेळी. माऊस हलेना, स्क्रीन जिथल्या तिथे थिजलेली, प्रिंटर अर्धं बिल छापून गप्प. पुढ्यात गिऱ्हाईक, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिलेला, आणि केतकी त्या मेलेल्या स्क्रीनकडे बघत बसलेली. तास-दीड तासानं आपोआप सगळं सुरळीत.

मला फोन आला की मी गाडीला किक मारायचो. पण हातगाड्यांतून वाट काढत पेढीवर पोहोचेपर्यंत मशिनी पुन्हा धावू लागलेल्या असायच्या. मी आलो की दुखणं गायब. सुरुवातीला मला वाटलं, हा माझा दरारा!

मग मी कामाला लागलो. आधी अपडेटवर संशय घेतला, सगळे अपडेट मागे घेतले. फरक नाही. मग नेटवर्कचा डबा बदलला. मग वायरी बदलल्या. मग म्हटलं, आत धूळ साचून मशिनी तापत असतील. झालं! मी सगळ्या मशिनींची झाकणं उघडली आणि ब्लोअर सुरू केला.

आता तुम्ही हुशार आहात. मिरचीच्या पेढीवरच्या कॉम्प्युटरमध्ये कसली धूळ साचत असेल, हे तुम्ही ओळखलं असेल. मी नाही ओळखलं.

काय सांगू! लाल ढग उठला हो दुकानात! काकाजी शिंकताहेत, हमाल खोकताहेत, एक गिऱ्हाईक डोळे चोळत थेट शेजारच्या भांड्यांच्या दुकानात घुसलं आणि कळशांच्या चळतीवर आदळलं. मी ब्लोअर बंद करायला बटण शोधतोय, पण डोळेच उघडेनात. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला उद्देशून पूर्ण वाक्य बोलल्या. "हा दुरुस्त करून राहिला का आमाले मारून राहिला?"

दुसऱ्या दिवशी मशिनी आतून लखलखीत होत्या. आणि वेळेवर हँग झाल्या.

वेळेवर म्हणालो, पण तेव्हा मला वेळ कुठे सापडली होती! मंगळवारी दुपारी, बुधवारी भर बाराला, गुरुवारी दीडला, शुक्रवारी सकाळी, सोमवारी अजिबात नाही. मी काकाजींना म्हणालो, "याला काही ताळमेळ नाही. असे दोष पकडायला फार कठीण असतात."

काकू शांतपणे उठल्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि एकेका वारावर बोट ठेवलं.

"मंगळवार, तीन. बुधवार, बारा. गुरुवार, दीड. शुक्रवार, साडेदहा. सोमवारचा राहुकाळ पेढी उघडाच्या आत सरते, म्हणून सोमवारी काही होत नाही. ताळमेळ नाही म्हनते!"

मी हसलो. खरंच हसलो! मी विज्ञानाचा माणूस, गल्लीत ग्रहणाच्या वेळी मुद्दाम गॅलरीत उभा राहून समोसा खाणारा. म्हटलं, "काकू, राहूला कॉम्प्युटर चालवता येत नाही."

काकाजी म्हणाले, "तं मंग तूच सांग गा प्रमोद, काय हाय ते. मशीनचा दोष असन तं मशीन बदलू. पण मशीनचा नसन, तं मले घरात दुसरा विचार करा लागन. घरात गोष्टी होऊन राहिल्या. सून आली, तिनं राहुकाळ मोडला, आणि हे सुरू झालं. पायगुणाची गोष्ट निंघून राहिली. मले त्या पटत नाही, पण मी आता तुझ्या तोंडून ऐकतो. तू म्हनशील ते खरं."

बघा, केवढी जबाबदारी! एका मुलीची खुर्ची माझ्या एका वाक्यावर. केतकी समोरच होती. ती माझ्याकडे बघून जराशी हसली. तिला वाटलं असेल, दादा आहेत ना, काळजी कशाला.

शुक्रवारी मी सकाळपासून पेढीवर ठाण मांडून बसलो. लॅपटॉप उघडा, घड्याळ समोर. साडेदहाला एक मिनिट कमी होतं तेव्हा सगळ्या मशिनी मस्त चालू होत्या. मी मनात म्हटलं, बघतोच राहू काय करतो ते.

साडेदहा वाजले आणि सगळ्या स्क्रीन एकदम गोठल्या.

अहो, माझ्या अंगावर काटा आला! खोटं कशाला सांगू? मी लॅपटॉपवर धावलो. तिथे प्रत्येक मशीनपुढे रोज येते तशी कालची हिरवी खूण होती: संपूर्ण तपासणी झाली, दोष आढळला नाही. परवाचीही तशीच. मशिनी निर्मळ, वायरी नव्या, वीज ठीक, आणि तरी बरोबर साडेदहाला सगळ्यांचा श्वास बंद. माझं सगळं शिक्षण त्या एका मिनिटात पातळ झालं.

मी लॅपटॉप काकाजींसमोर धरला. घसा खाकरला. एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखा चेहरा केला आणि म्हणालो, "काकाजी, मशिनींत दोष नाही. हा बघा पुरावा. जे काही आहे, ते मशीनच्या बाहेरचं आहे."

"बाहेरचं म्हंजे?"

मी वर छताकडे पाहिलं. बोललो नाही हो, फक्त पाहिलं! पण त्या पाहण्यानं सगळं बोलून टाकलं.

काकाजींनीही छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून घरीच राहा. राहुकाळ आपण पाळू पहिल्यावानी."

केतकीनं पाण्याची बाटली उचलली, पेनं पर्समध्ये टाकली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून मी काय करणार, अशी मी माझी समजूत घातली. ग्रहापुढे कोणाचं चालतं?

आता पुढचं ऐका. राहुकाळ पाळायला लागले आणि तक्रारी बंद! त्या दीड तासात कोणी मशीनला हातच लावेना, मग हँग झाली काय आणि न झाली काय, कोणाला कळणार? गल्लीत माझं नाव झालं. कॉम्प्युटरचा राहू ओळखणारा माणूस! कापडवाले बोलवायला लागले, भांडीवाले बोलवायला लागले. आणि मी जायला लागलो! लाज सोडून विचारायला लागलो, "तुमच्या सर्व्हरचं तोंड कोणत्या दिशेला आहे?"

एका सराफाला तर मी प्रिंटर ईशान्येला हलवायला लावला.

एवढ्यात खाप्याच्या गोदामातून दिवाकरभाऊंचा फोन. तिथे एकच मशीन, आणि तिला सांभाळणारे हे एकटेच.

"प्रमोदभाऊ, इकडं शुक्रवारचा राहुकाळ सरून अर्धा तास झाला जी, आणि मशीन आता हँग होऊन राहिली. दर बारीले असंच होते. राहुकाळात मस्त चालते, सरला का झोपते."

मी म्हणालो, "दिवाकरभाऊ, राहुकाळ सूर्योदयावर असतो. गावागणिक थोडा फरक पडतो."

"पण खापा इतवारीहून तासाभरावर हाय जी! अमेरिकेत नाही!"

मी म्हणालो, "हे शास्त्र तुम्हाला फोनवर समजणार नाही."

काय हा माज! पण काकाजींच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी ठरवलं की आता अर्धवट नको. गुरुजींना बोलावून राहूची रीतसर शांती करायची. सोमवारी दुपारी, म्हणजे राहुकाळाची भानगड नको. खाप्याची मशीनही आणायची. आणि यजमानाच्या शेजारच्या पाटावर प्रमोदनं बसायचं, कारण दोष त्यानंच ओळखला.

आणि मी बसलो! सोवळं नेसून! पुढ्यात चौरंग, चौरंगावर काळे उडीद, एका बाजूला माझा लॅपटॉप, त्याला हळदीकुंकू वाहिलेलं. दिवाकरभाऊंनी खाप्याहून मांडीवर धरून आणलेली मशीन बिलिंगच्या टेबलावर जोडून ठेवली. केतकी घरून नैवेद्याचं ताट घेऊन आली होती. किती तरी दिवसांनी पेढीत पाऊल टाकलं होतं तिनं. ताट ठेवलं आणि ती आपल्या जुन्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. बसली नाही.

गुरुजींनी संकल्प सुरू केला. मी डोळे मिटले. तेवढ्यात मागून केतकीचा आवाज आला.

"दिवाकरभाऊ, या मशीनचं घड्याळ चुकलेलं आहे का?"

"हो ताई. दोन तास मागं चालते. लय दिवस झाले, कोणी पायते त्याच्याकडं!"

"आणि हे शुक्रवारी किती वाजता अडकतं म्हणालात?"

"साडेबाराले."

"म्हणजे या मशीनच्या घड्याळात साडेदहा."

गुरुजी थांबले. मी एक डोळा उघडला.

केतकी अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, राहू आकाशातला असेल तर तो सूर्य बघून येईल. हा तर मशीनचं घड्याळ बघून येतो आहे. मी एक करून पाहू का?"

काकाजींनी मान हलवली. ती खुर्ची ओढून बसली, आपल्या जुन्या मशीनवर. आज सोमवार होता, दुपार होती, राहुकाळ सकाळीच संपलेला. तिनं मशीनचं घड्याळ बदललं. वार शुक्रवार, वेळ साडेदहाला एक मिनिट कमी. आणि हात मांडीवर ठेवून बसली.

ते एक मिनिट मी जन्मात विसरणार नाही. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, हमालसुद्धा दारात गोळा झाले होते.

मशीन हँग झाली.

फक्त तिची एकटीची! बाकी सगळ्या मजेत चालू.

"कोणीतरी या मशिनींना सांगून ठेवलं आहे," केतकी म्हणाली. "ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी काहीतरी जड काम करा म्हणून. दादा, सगळ्या मशिनींना एकदम असं कोण सांगू शकतं?"

तुम्हीच सांगा, कोण सांगू शकतं?

सगळी पेढी माझ्याकडे बघत होती. मी कुंकवानं लाल झालेल्या बोटानं लॅपटॉप उघडला आणि या सगळ्या गोंधळात जिथे एकदाही डोकावलो नव्हतो तिथे गेलो, म्हणजे मीच लावून ठेवलेल्या वेळापत्रकात. व्हायरसची संपूर्ण तपासणी. मंगळवार तीन, बुधवार बारा, गुरुवार दीड, शुक्रवार साडेदहा. रोज दिसणारी ती हिरवी खूण, जी मी पुरावा म्हणून नाचवली, ती याच तपासणीची! मशिनी जुन्या. तपासणी सुरू झाली की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

काकाजींना माझ्याआधी आठवलं.

"अरे, हे तं मीच सांगतलं होतं तुले! काम घेतलं तवा तू इचारलं होतं, काकाजी, दिवसातून मशिनी रिकाम्या कवा असतात? रात्री आपण मेन स्विच पाडतो, म्हणून दिवसाची येळ पाहिजे म्हणे. मी म्हटलं, राहुकाळात रिकाम्या असतात!"

खरं होतं. शब्दन्‌शब्द खरं. मी राहुकाळाचं कॅलेंडर समोर ठेवून, एकेक वार बघून, स्वतःच्या हातानं तपासणी बसवली होती. लोक राहुकाळ पाळत होते तोवर कोणाला पत्ता लागला नाही. केतकीनं तो वेळ कामाला लावला आणि माझी तपासणी तिच्या बिलांवर येऊन बसली. आणि मी छताकडे पाहिलं!

मला पाटावरून उठवेना. सोवळं नेसून माफी कशी मागतात हे कोणी शिकवलेलं नसतं. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "केतकी, चुकलं माझं. माझ्यामुळे तुला घरी बसावं लागलं."

ती म्हणाली, "दादा, चूक सगळ्यांचीच होते. तुम्ही मला एकदा विचारलं असतं ना, की ताई, तुला काय वाटतं, तर मला बरं वाटलं असतं. सगळं माझ्याबद्दल चाललं होतं आणि मला सोडून सगळ्यांना विचारलं."

मी मान खाली घालून उभा राहिलो. काकाजींचीही मान खाली होती. मग ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई, उठू नको. खुर्ची तुझी हाय. इथून पुढं बिलाची येळ तू ठरवशील."

नैवेद्याच्या ताटातला पहिला लाडू काकूंनी केतकीच्या हातावर ठेवला, आणि मी पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. मिरची त्या दिवशी उडाली नव्हती.

गुरुजींनी अडचण मांडली. "यजमान, शांती अर्धी झाली आहे. मधेच सोडता येत नाही. आता कोणाची करू?"

सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी निमूट पुन्हा पाटावर बसलो.

ते वेळापत्रक मी तिथेच काढून टाकलं. तेव्हापासून एकही मशीन हँग झालेली नाही. राहुकाळात बिलं धडाधड निघतात, केतकी आता भिवापूरचाही हिशोब इथूनच बघते, आणि काकूंनी राहुकाळ मानणं सोडून दिलं आहे. अगदी पूर्ण सोडलं आहे म्हणे.

परवा मी सहज पेढीवर गेलो. दारात चप्पल काढली, आत पाऊल टाकलं, तर काकूंनी मान वर करून पाहिलं आणि बिलिंगच्या टेबलाकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, ते मोठं बिल आता नको काढू वं. हा गेला का मंग काढजो."